लोकर पाहून पाय

मराठी घरात मोज्यांची पहिली जोडी विणली जाते ती बहुधा बाळंतविड्यासाठी. कुंची झाली, टोपडं झालं, स्वेटर झाला, की उरलेल्या लोकरीत इवलेसे मोजे. ते दोन सुयांवर सपाट विणायचे, मागून शिवायचे, घोट्यापाशी जाळीची एक सुई घेऊन त्यातून नाडी ओवायची. टाच जागेवर बसली की नाही हे कुणी तपासत नाही, कारण ज्याच्यासाठी ते विणलेत तो गृहस्थ अजून चालत नाही.

मोठ्या माणसाच्या मोज्याला ही सवलत नाही. ज्यांनी वेणीचे स्वेटर काढले, जाळीच्या शाली काढल्या, अशा कितीतरी हातांनी मोजा मात्र टाळलेला मी पाहिला आहे, आणि त्याचं कारण आळस नाही. स्वेटर दोन सेंटिमीटर सैल झाला तर ‘आत शर्ट घालायला बरा’ म्हणून खपून जातो. मोजा तेवढा सैल झाला तर बुटात घडी पडते आणि संध्याकाळपर्यंत पायाला फोड येतो. शिवण चालत नाही, गाठ चालत नाही, फुगवटा चालत नाही. वर अख्ख्या देहाचा भार, खाली बुटाचं घर्षण, आणि मधे विणीच्या एका सरळ नळीने काटकोनात वळायचं. अवघडपणा या वळणात आहे. नक्षी त्याच्या नंतर येते.

त्यात लोकर भेट आलेली असेल तर निर्णयांचा क्रमच उलटा होतो. एरवी आपण नमुना पसंत करतो, मग दुकानात जाऊन त्याला साजेशी लोकर घेतो, कमी पडली तर त्याच लॉटचा आणखी एक गुंडा आणतो. भेट आलेल्या लोकरीला दुसरा गुंडा नसतो. म्हणून आधी लोकर, मग पाय, आणि नमुना सगळ्यात शेवटी.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपली म्हण सुचवते. लोकरीचे मात्र मोजावे लागतात. समजा परदेशातल्या भाचीने येताना एक लड आणली: हाताने रंगवलेली, गडद निळी, वजनाला १०० ग्रॅम, आणि त्यावरची चिठ्ठी सामान भरताना कुठेतरी गळून पडलेली. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा माल खरं तर अ‍ॅक्रिलिक असतो, त्यामुळे बोटांची सवयही फसवी. तर पहिली परीक्षा जाळून पाहण्याची. बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवायचा. मेंढीची लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास सोडते आणि राख चिमटीत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक भडकतं, वितळतं आणि मागे कडक काळा मणी ठेवतं. वास केसांचा पण राखेत खडा, असं झालं तर मिश्रण आहे असं समजावं.

मोज्यांसाठी ते मिश्रण असलेलंच बरं. मोज्यांची म्हणून जी लोकर मिळते तिच्यात बहुतेकदा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, म्हणून घाम येणाऱ्या पायाला ती मानवते. पण घासलं जाणं तिला सोसत नाही, ते काम नायलॉन करतं. खात्री करायची असेल तर धाग्याचा तुकडा क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवावा. सकाळी लोकर विरघळून गेलेली असते आणि नायलॉनचे केसासारखे तंतू तेवढे तरंगत राहतात. ही परीक्षा मला जाळण्यापेक्षाही आवडते, कारण तिच्यात उत्तर डोळ्यांना दिसतं.

पीळही पाहायचा. तीन-चार पदर घट्ट पिळलेले असतील तर मोजा टिकेल. एकाच पदराची, सैल, कापसासारखी मऊ लोकर गालाला लावली की मोह होतो, पण तिचा मोजा महिन्याभरात गोळे धरतो आणि टाचेला विरतो. अशी लोकर भेट आली तर तिची टोपी करावी.

निळा रंग जर खऱ्या निळीचा असेल तर आणखी एक कटकट. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याच्या पिंपात तिचं रूप बदलून ती धाग्यात शिरते आणि हवा लागली की पुन्हा घट्ट निळी होऊन बसते. तिचा बराच भाग वरवरच राहतो. म्हणून विणताना तर्जनी निळी होते, बांबूच्या फिकट सुया निळ्या होतात आणि मांडीवर पांढरी साडी असेल तर तीही. स्टीलच्या सुया घ्याव्यात आणि लड आधीच गार पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. व्हिनेगर घालण्याचा सल्ला लोक देतात, तो आम्लात पक्क्या होणाऱ्या रंगांसाठी ठीक आहे. निळीवर त्याचा उपयोग नाही.

मग मापं. लड तशीच विणायला घेतली तर असा गुंता होतो की घरात भांडण होतं. आधी कुणालातरी दोन्ही हात पुढे करून समोर बसवावं, कुणी नसलं तर खुर्चीची पाठ, आणि गुंडा करून घ्यावा. गुंडाळता गुंडाळता २० मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावेत. ५ ग्रॅम भरले तर १०० ग्रॅमच्या लडीत ४०० मीटर धागा आहे. बाईमाणसाच्या साध्या मोज्यांच्या जोडीला साधारण ३५० मीटर लागतो, म्हणजे हाताशी थोडीच शिल्लक. आता काट्यावरच दोन सारखे गुंडे करायचे, ५० ग्रॅमचा एक आणि ५० चा दुसरा. एका पायाने दुसऱ्याच्या वाट्याची लोकर खायची नाही.

मोज्यांचं माप बुटाच्या नंबरावरून घेऊ नये. बुटाचा नंबर लांबी सांगतो, आणि लांबी तर विणताना केव्हाही वाढवता येते. लागतो तो चवड्याचा घेर. पाय जमिनीवर टेकवून, बोटांच्या मुळाशी टेप गुंडाळून तो घ्यावा. समजा तो २२ सेंटिमीटर आला. मोजा पायाला धरून राहायचा तर तो पायापेक्षा दहाएक टक्के लहान हवा, म्हणजे २० सेंटिमीटर. तेरा नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या सुयांवर या जाडीच्या लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके बसतात. तेव्हा २० सेंटिमीटरला ६४ टाके. हा हिशेब नमुन्याच्या कागदावर छापलेला असला तरी स्वतः चौकोन विणून पडताळावा, कारण कागद लिहिणाऱ्याचा हात आणि आपला हात एक नसतो.

आता कुठे नमुन्याची पाळी. एकरंगी गडद लोकरीवर पिळाची वीण उठून दिसते. लडीत चार रंग असते तर मी पीळ सुचवला नसता. रंगीबेरंगी धाग्यात नक्षी हरवते आणि केलेली मेहनत कुणाला दिसत नाही. पण पीळ फुकट मिळत नाही. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे लोंबत ठेवायचे, पुढचे तीन विणायचे, मग लोंबते तीन विणायचे, की टाक्यांनी एकमेकांना ओलांडलं. प्रत्येक ओलांडणीला वीण आत खेचली जाते, रुंदी कमी होते आणि लोकर जास्त खर्च होते. म्हणून पुढच्या बाजूला ३२ ऐवजी ३८ टाके घ्यावेत आणि मागची बाजू ३२ टाक्यांवर साधीच ठेवावी. तळव्याखाली पीळ नकोच. उभं राहिलं की तो दोरीसारखा टोचतो.

लोकर मोजकी असली की बहुतेक जण मोजा बोटांकडून सुरू करायला सांगतात: पाऊल पुरं होतं आणि उरेल तेवढी पोटरी उंच. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि जुनाही. इस्लामी काळातल्या इजिप्तमधले, अकरा ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आज संग्रहालयांत आहेत, तेही बोटांकडूनच विणलेले आहेत. खऱ्या सुयांच्या विणीचे जे सर्वांत जुने नमुने जगात उरलेत, त्यांत त्यांची गणना होते. त्यांच्याही आधीचे मोजे आहेत, पण ते वेगळ्याच तंत्राचे. नाईलकाठच्या ऑक्सिरिंकस या गावच्या दफनभूमीतली लाल लोकरीची एक जोडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, इसवी सन २५० ते ४२० च्या दरम्यानची. ती एकाच सुईने, तुकड्यातुकड्याने धागा ओवत, फासे गुंतवत केलेली आहे. तिचा अंगठा वेगळा आहे, कारण त्यावर चपला घालायच्या होत्या. पुण्यात दुपारच्या उन्हात स्कूटरवर निघालेल्या बायकांच्या पायांत अंगठ्याचे मोजे आणि वर चप्पल पाहिली की मला ती लाल जोडी हमखास आठवते.

तरीही मी वरून खाली विणण्याच्या बाजूची आहे. एक तर वजनकाटा आहेच: ५० ग्रॅममधली निम्म्याहून थोडी जास्त लोकर टाच आणि पावलासाठी राखून ठेवली की पोटरी कुठे थांबवायची ते आपोआप कळतं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच पाळता येते. आणि दुसरं, वरून येताना टाच अशी घडते की एकदा हाताला समजली की आयुष्यभर विसरत नाही.

ती टाच आता सावकाश पाहू. काठाची लवचिक पट्टी, एक सुलट एक उलट, आणि मग पोटरी झाली. सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार, तीन सुयांवर टाके आणि चौथीने विणायचं. (दोन सुयांच्या सांध्यापाशी टाके सैल पडून उभी शिडी दिसते, प्रत्येक सुईचा पहिला आणि दुसरा टाका जरा ओढून घ्यावा.) आता पुढचे ३८ टाके तसेच सोडून द्यायचे आणि फक्त मागच्या ३२ वर, सपाट, पुढे-मागे विणायचं. सुलट बाजूने एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा, असं शेवटपर्यंत. उलट बाजूने पहिला टाका नुसता उचलून बाकी सगळे उलट. न विणलेल्या टाक्यांच्या मागून धागा जातो, म्हणून हा पडदा जाड होतो. बूट घासतो ती जागा हीच. अशा ३२ सुया झाल्या की दोन्ही कडांना उचललेल्या टाक्यांचे १६-१६ लांब फासे दिसतात. ते मोजून घ्यावेत, पुढे त्यांचंच काम आहे.

मग वळण. १८ टाके सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि थांबायचं. सुईवर अजून ११ टाके शिल्लक आहेत, तरी विणकाम उलटायचं. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात इथेच अडतो, कारण सुई अर्धवट सोडायची नसते हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. सोडा. पहिला टाका उचलून पाच उलट, दोन एकत्र उलट, एक उलट. या बाजूलाही ११ उरले. पुन्हा उलटा. आता मधे एक फट दिसते. दर वेळी फटीपर्यंत जायचं, फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक मिळून विणायचे, एक जास्त विणून परतायचं. प्रत्येक फेरीला बाजूचे दोन-दोन टाके गिळले जातात आणि मधला भाग रुंदावतो. शेवटी दोन्ही बाजूंना एकेकच टाका उरतो, तो नुसता जोडून घ्यायचा. ३२ चे १८ झाले, आणि मांडीवर पाहावं तर विणीला वाटीसारखा खोलगटपणा आलेला असतो. कापड न कापता, न शिवता. इतक्या वर्षांनीही तो आकार सुयांवर उठताना पाहून मला बरं वाटतं.

आता पडद्याच्या कडेचे ते १६ फासे एका बाजूने उचलायचे, पुढचे ३८ टाके पिळासकट विणायचे, दुसऱ्या बाजूचे १६ उचलायचे, आणि पुन्हा गोल विणकाम सुरू. तळव्याच्या बाजूला १८ आणि ३२ मिळून ५० टाके झाले, हवेत ३२. जादा १८ एकदम घटवायचे नाहीत. एक फेरी सोडून एका फेरीत, दोन्ही कोपऱ्यांत एकेक, असे नऊ वेळा. घोट्याच्या खाली तिरपी पाचर दिसते ती या घटीची. पावलाचा सगळ्यात जाड घेर, टाचेपासून वरच्या वळणापर्यंतचा, त्या पाचरीत मावतो. पडदा आणि पाऊल मिळतात त्या कोपऱ्यात मात्र भोक पडायला टपलेलं असतं. तिथला आडवा धागा पीळ देऊन उचलावा, म्हणजे एका बाजूला १६ चे १७ होतील, आणि पुढच्याच फेरीत तो जादा टाका शेजारच्यात मिळवून टाकावा.

पाऊल सरळ आहे, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. करंगळीच्या टोकापर्यंत आलं की पिळांवर दोन-दोन टाके एकत्र करून पुढचे ३८ पुन्हा ३२ करावेत आणि चारही कडांना घटवत ६४ चे २४ उरवावेत, १२ समोर आणि १२ मागे.

हे २४ टाके बंद करायचे कसे, हा प्रश्न एके काळी युद्धखात्याचा होता. १९१४ च्या पहिल्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या खंदकांत ब्रिटिश सैनिक गुडघाभर चिखलात दिवसच्या दिवस उभे राहिले आणि थंड ओलीने पाय सुजून, बधिर होऊन, प्रसंगी सडून सुमारे २०,००० जण निकामी झाले. कोरडा मोजा ही तिथे चैन नव्हती. युद्धमंत्री लॉर्ड किचनेरच्या मागणीवरून राणी मेरीने देशातल्या स्त्रियांना ३,००,००० मोज्यांच्या जोड्यांचं आवाहन केलं. बोटांवर जाड शिवण आली तर मैलोगणती चालणाऱ्या शिपायाचा पाय सोलवटतो, म्हणून बिनशिवणीच्या टोकाला महत्त्व आलं आणि त्या जोडणीला इंग्रजी विणकामात किचनेरचं नाव चिकटलं. त्याने ती स्वतः शोधली, ही निव्वळ दंतकथा. तंत्र त्याच्या आधीपासून होतं. हा तोच किचनेर, ज्याच्याशी झालेल्या भांडणातून १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनला राजीनामा द्यावा लागला. हिंदुस्थानचा सरसेनापती असताना त्याने लष्करी अधिकाऱ्यांसाठी काढलेलं स्टाफ कॉलेज १९०७ मध्ये क्वेट्ट्याला गेलं, पण आधी ते भरत होतं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत. दक्षिण आफ्रिकेतल्या छावण्यांमध्ये बोअर बायकामुलांचे जे हाल त्याच्या अमलाखाली झाले, ते आठवून आज काही विणणाऱ्या त्याचं नाव घ्यायचं टाळतात. मला ते पटतं. जोडणी तेवढी घ्यावी.

ती अशी. दोन सुया समोरासमोर, धागा मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत. तयारी म्हणून समोरच्या पहिल्या टाक्यात उलट आणि मागच्या पहिल्या टाक्यात सुलट घालून ठेवायचं. मग चार पावलं: समोर सुलट घालून टाका सोडा, पुढच्यात उलट घालून ठेवा, मागे उलट घालून टाका सोडा, पुढच्यात सुलट घालून ठेवा. ‘सुलट सोड, उलट ठेव, उलट सोड, सुलट ठेव’ असं पुटपुटत राहायचं आणि या पाच मिनिटांत दार वाजलं तरी उठायचं नाही. धागा घट्ट ओढू नये. सगळं झाल्यावर सुईच्या टोकाने एकेक फासा शेजारच्यांइतका करत आणावा. नीट जमलं तर जोड कुठे आहे ते विणणाऱ्यालाही बोटांनी शोधून सापडत नाही.

यंत्राला हे जमायला फार काळ लागला, हे जाता जाता. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचा माग केला, पण त्यावर मोजा सपाटच निघे आणि मागून शिवावा लागे. पहिल्या एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं; हाताने विणून पोट भरणाऱ्या प्रजेची तिला चिंता होती, असं सांगतात. ली शेवटी फ्रान्सला गेला.

राहिला दुसरा मोजा. पहिला संपतो त्याच संध्याकाळी दुसऱ्याचे टाके घालावेत, निदान काठाची दोन बोटं पट्टी तरी विणावी. चार आठवडे मधे गेले की हाताचा ताण बदलतो आणि एकच नमुना, एकच सुई, तेवढेच टाके असूनही जोडी सारखी उतरत नाही. पहिल्याच्या फेऱ्या, कितव्या फेरीला पीळ ओलांडला आणि पोटरी संपली तेव्हा काट्यावर किती ग्रॅम उरले, हे आकडे कागदावर हवेत. सगळं आटोपल्यावर चार-सहा ग्रॅम निळी लोकर उरलीच तर ती बाळंतविड्याच्या पिशवीत टाकू नये. रंग सुटतो, आणि बाळ मोजे तोंडात घालतं. ती एका पुठ्ठ्यावर गुंडाळून मोज्यांबरोबरच ठेवावी. टाच उजेडासमोर धरली की पातळ दिसायला लागते, तेव्हाच, भोक पडण्याची वाट न बघता, त्याच धाग्याने मूळ टाक्यांच्या वाटेने रफू करून घ्यावं.